पाटीच्या दगडाचं बेट

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन व्हायचं. एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. पुढे मीही प्राथमिक शाळेत शिकवलं. हजारो पाट्या हाताखालून गेल्या असतील. पण पाटी हा दगड आहे आणि तो कुणीतरी खाणीत उतरून काढलेला आहे, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ते आलं गेल्या वर्षी, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर.

बेटाचं नाव ईझडेल. माझी लेक ग्लासगोला असते, तिनं नेलं. ओबन गाव मागे टाकून थोडं पुढे गेलं की अठराव्या शतकातला एका कमानीचा दगडी पूल लागतो. तो ओलांडून सील नावाच्या बेटावर जायचं. त्याच्या टोकाला एलनाबीख गाव आहे, तिथे गाडी सोडायची. समोर, हाकेच्या अंतरावर ईझडेल. धक्क्यावरच्या शेडमध्ये बटण दाबलं की भोंगा वाजतो आणि पलीकडून छोटी होडी येते. बेटावर मोटार नाही. उतरल्या उतरल्या एकचाकी ढकलगाड्यांची रांग दिसते. वाणसामान असो की सामानाच्या बॅगा, त्यात घालून ढकलत घरी न्यायच्या. वस्ती साठेक माणसांची.

पहिलं पाऊल टाकलं आणि पायाखाली फुटक्या खापऱ्यांसारखा आवाज झाला. सगळा किनारा पाटीच्या तुकड्यांचा! एक उचलला. तोच करडा-काळा रंग, तोच गारवा. मी नखानं त्यावर एक काढला, आणि तो उमटला. लेक हसली. मला मात्र काही बोलवेना.

हा दगड म्हणजे पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा समुद्रतळाचा चिखल. जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला आणि त्याला पदर पडले. नेमक्या पदरात छिन्नी घालून मोगरीचा हलका ठोका दिला की पापुद्रा सुटावा तसा सुटतो. आपल्या पुण्याचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला असे पदर नाहीत. म्हणून त्याच्या पाट्या होत नाहीत, पाटे होतात.

ईझडेलच्या दगडाची घरांवर छपरं चढली. १७४५ मध्ये तिथे खाणकामाची कंपनी निघाली आणि पुढे या परिसरातून वर्षाला लाखो पाट्या जहाजांतून जाऊ लागल्या. भरभराटीच्या काळात एवढ्याशा बेटावर पाचशेहून जास्त माणसं राहत होती, सात खाणी चालत होत्या. काही खाणी समुद्रसपाटीच्या तीनशे फूट खाली गेल्या होत्या. विचार करा, बाजूला समुद्र, मध्ये दगडाची भिंत आणि तळाशी माणसं काम करताहेत. नोव्हेंबर १८८१ मध्ये मोठं वादळ झालं. एलनाबीखच्या खाणीची भिंत फुटली आणि समुद्र आत शिरला. ती खाण पुन्हा कधी उघडली नाही.

आज त्या खड्ड्यांत निळंहिरवं पाणी आहे. ईझडेलच्या एका खाणीत दर सप्टेंबरात भाकऱ्या खेळण्याची जागतिक स्पर्धा भरते. हो, आपण तळ्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढतो ना, त्याच! दगड बेटावरचाच हवा, तीन इंचांहून मोठा नको, पाण्यावर किमान दोनदा उडायला हवा. मग तो किती लांब गेला ते मोजतात.

मी जास्त वेळ रमले ती तिथल्या छोट्या संग्रहालयात. खाणीतली अवजारं, जुने फोटो, खाणकामगारांच्या घरांच्या नोंदी. कोण कुठे राहत होता, कुणाचं लग्न कुणाशी झालं. लोक आपल्या पणजोबांचा माग काढत तिथे येतात. मी त्या नोंदींसमोर उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे पुणं होतं. शनिवारवाड्याचा तट, पाताळेश्वराचे खांब, नदीचे घाट, आमच्या वाड्याचं जोतं. वाडा कुणी बांधवून घेतला ते मला पिढ्यांसकट सांगता येतं. दगड कुणी फोडला, कुणी घडवला, त्यातलं एकही नाव मला सांगता येत नाही. पाथरवट, वडार, एवढं म्हणून आपण थांबतो.

परत आल्यावर मुद्दाम वाघोलीला गेले. खाणींच्या कडेनं खडीचे ढीग, धुरळा, आणि बंद पडलेल्या एका खाणीत पावसाचं पाणी साठलेलं. अगदी ईझडेलसारखं. याच भागात 'संतुलन' संस्थेनं खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा सुरू केल्या, त्या मला आता फार मोलाच्या वाटतात. आपल्या पायाखालच्या पुण्याचा दगड ज्यांच्या घरच्यांनी फोडला, ती ही मुलं.

आणि मला आठवली आमच्या गल्लीत येणारी वडारीण. "पाट्याला टाकीऽऽ" अशी तिची हाक दोन वाड्यांपलीकडून ऐकू यायची. आई पाटा अंगणात काढून द्यायची. ती उकिडवी बसून छिन्नीनं टिक टिक करत गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायची. दगडाचा चुरा तिच्या पापण्यांवर बसायचा. मी समोर बसून बघायचे. आई तिला चहा द्यायची, पैसे द्यायची. नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मागच्या आठवड्यात मोरीमागे उभा करून ठेवलेला तो पाटा बाहेर काढून धुतला. मधला भाग मिक्सर येईपर्यंतच्या वापरानं झिजलाय, पण कडेला तिच्या टाकीच्या तिरक्या ओळी अजून बोटाला लागतात. तिच्या घरचं कुणी हे ऐकत असेल, तर नारायण पेठेतला तो पाटा आम्ही जपून ठेवला आहे. तिचं नाव मला सांगाल का?