नट आवळताना नेमकं काय आवळलं जातं?

[दृश्य: लाकडी बाक. दोन पोलादी पट्ट्या, एक बोल्ट, एक नट. हात नट फिरवतो आहे.]

हा एम 10 मापाचा बोल्ट. म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास 10 मिलिमीटर. नट बोटांनी फिरवत आणला आणि पट्टीला टेकवला. आता पाना लागेल. इथून पुढे नट फार तर अर्धापाऊण फेरा फिरेल, पण जोडाचं सगळं काम याच थोडक्या फिरण्यात होतं.

टेकलेल्या नटाला पुढे सरकायला जागा नाही. तरी आपण तो फिरवतो. मग होतं काय? बोल्ट ताणला जातो.

पोलाद ताणलं जातं हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चटकन पटत नाही. या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला आहे. दोन पट्ट्यांऐवजी एखादा जाड भाग धरला, म्हणजे बोल्टची ताणली जाणारी लांबी 100 मिलिमीटर झाली, तर नीट आवळल्यावर तो जेमतेम पाव मिलिमीटर लांब होतो. एवढ्याशा ताणातून जोडावर जो दाब येतो, तो अडीच टन वजनाच्या आसपास असतो. त्या दाबामुळे दोन्ही भागांमध्ये घर्षण तयार होतं आणि ते घर्षण जोडाला सरकू देत नाही. बोल्ट म्हणजे भोकात घातलेली खुंटी नाही. ती ताणून ठेवलेली स्प्रिंग आहे. ताण गेला की बोल्ट जागेवर असूनही जोड गेलेला असतो.

[दृश्य: बोल्टच्या डोक्यावरचा आकडा जवळून.]

8.8 मधला पहिला 8 सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ओढ सोसून मग तुटतं. पुढचा .8 म्हणजे त्यातली 80 टक्के ओढ होईपर्यंत बोल्ट सोडल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येतो. त्यापलीकडे गेला की तो कायमचा लांबतो. पाना फिरवताना आधी घट्ट लागत होतं आणि अचानक मऊ लागायला लागलं, असं झालं तर तिथेच थांबा. तो बोल्ट बदलायचा. पुन्हा वापरायला ठेवायचा नाही.

आता एक गोष्ट, जी माहीत नसली की माणूस फसतो. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आणखी 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात कसेबसे 10 टक्के. म्हणून आट्यांना तेल लागलं, की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. माहितीपत्रकात दिलेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असेल आणि आपण तेल लावून तोच आकडा गाठला, तर बोल्ट तुटू शकतो. गंजलेल्या आट्यांचं उलट. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की आवाज करणारा पाना, ‘टक’ करतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. म्हणून आवळण्याआधी आटे तारेच्या ब्रशने साफ करणं हे मी दुय्यम काम मानत नाही. तो आवळण्याचाच भाग आहे.

[दृश्य: लहान-मोठे पाने ओळीने.]

हे पाने बघा. छोट्या मापाचा पाना आखूड, मोठ्या मापाचा लांब. हे उगीच नाही. एम 6 च्या 8.8 बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर दिला की तेवढा होतो. एम 10 ला जवळपास पाचपट लागतो. पान्याला नळी अडकवून लांबी वाढवली, की हाताला काहीच न कळता एम 6 चा बोल्ट तुटतो. सरकत्या जबड्याचा पाना वापरताना तो असा धरा की जोर पक्क्या जबड्यावर येईल. आणि शक्य तिथे रिंग पानाच घ्या. तो डोक्याला सगळीकडून धरतो, त्यामुळे कोपरे झिजत नाहीत.

[दृश्य: स्प्रिंग वॉशर बोटांत.]

बोल्ट सैल होऊ नये म्हणून हा कापलेला स्प्रिंग वॉशर घालायची सवय सगळीकडे आहे. पण बोल्ट नीट आवळेपर्यंत हा वॉशर केव्हाच पूर्ण सपाट झालेला असतो. त्याची स्प्रिंग बोल्टच्या ताणापुढे फारच दुबळी. 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं, की जोड आडवा हलत राहिला तर नट आपोआप उलटा फिरतो. ज्या क्षणी पृष्ठभाग घसरतात, त्या क्षणी आट्यांमधलं घर्षण नटाला धरून ठेवू शकत नाही. म्हणजे पहिला उपाय आडवी हालचाल थांबवणं. भोकं मापाची हवीत, बोल्ट पुरेशा जाडीचा हवा आणि ताण पुरेसा हवा. त्यानंतर नायलॉनच्या कड्याचा नट, नाहीतर आट्यांना लावायचं द्रव.

हे द्रव मला फार आवडतं, कारण त्यामागची कल्पनाच सुंदर आहे. 1953 मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी ते शोधलं आणि पुढे ते लॉकटाइट नावाने बाजारात आलं. हवा लागते तोवर ते पातळ राहतं. आट्यांच्या फटीत हवा मिळत नाही आणि धातूचा स्पर्श होतो, तेव्हा ते घट्ट बसतं. म्हणून बाटलीत ते कधीच गोठत नाही, पण तेलकट आट्यांवर नीट धरतही नाही. साधारणपणे निळं घेतलं तर हातातल्या अवजारांनी सुटतं. लाल घेतलं तर बहुधा उष्णता द्यावी लागते. प्लॅस्टिकच्या भागांजवळ ते लावू नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

[दृश्य: स्क्रूच्या डोक्यांचे वेगवेगळे आकार.]

फुलीच्या खाचेचा स्क्रू सगळ्यांना माहीत आहे. हेन्री फिलिप्स यांनी तो 1930 च्या दशकात रूढ केला आणि मोटारींच्या कारखान्यांनी उचलला. पण प्रत्येक फुली फिलिप्स नसते. फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेघा दिसल्या, तर तो पॉझिड्राइव्ह. त्यात फिलिप्सचं टोक घातलं तर बसल्यासारखं वाटतं, आणि जोर येताच उसळून खाच खरवडतं. जपानी बनावटीच्या यंत्रांत तिसरीच फुली असते. त्या स्क्रूवर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. नवीन छंदिष्टाने 50 बिटांचा, म्हणजे बदलत्या टोकांचा, डबा घेण्याऐवजी योग्य मापाचे चार-पाच चांगले स्क्रू ड्रायव्हर घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. टोक खाचेत बसवून हात सोडला, तर ते डुगडुगता कामा नये.

[दृश्य: दोन फळ्या, मध्ये बारीक फट.]

आता लाकूड. दोन फळ्या स्क्रूने जोडल्या, स्क्रू पूर्ण आत गेला, तरी मध्ये फट राहिलीच. कितीही आवळा, जात नाही. कारण स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांत रुतले आहेत. दोन्ही फळ्या एकाच वेगाने पुढे सरकतात, मग अंतर कमी होणार कसं? वरच्या फळीत स्क्रू मोकळा जाईल एवढं भोक हवं. आटे फक्त खालच्या फळीत धरायला हवेत. मग डोकं वरच्या फळीला खाली ओढतं आणि फट मिटते. बोल्टमध्ये जे नट करतो, ते इथे खालचं लाकूड करतं.

खालच्या फळीतही आधी बारीक भोक घ्या. आटे सोडून स्क्रूचा जो मधला दांडा उरतो, तेवढ्या जाडीचं. लाकूड मऊ असेल तर त्याहून थोडं बारीक. कडक लाकडात पितळी स्क्रू घालायचा असेल, तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून काढा. तो लाकडात आटे पाडतो, मग मऊ पितळ न तुटता आत जातं. आट्यांना थोडं मेण चोळलं तर आणखी बरं. ओक किंवा सागवानासारख्या लाकडात बाहेर उघड्यावर साधे लोखंडी स्क्रू घातले तर ओल लागून काळे डाग पडतात, तिथे स्टेनलेस वापरा. आणि फळीच्या टोकाकडून, म्हणजे रेषांच्या दिशेनेच आत जाणाऱ्या स्क्रूवर फार विसंबू नका. तिथे आट्यांना पकड कमी मिळते.

बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन गोल गोल फिरतो, तेव्हा लोक त्याहून जाड स्क्रू घालतात. चालतं, पण एकदाच. त्यापेक्षा भोक साफ गोल करा, त्यात गोंद लावून लाकडाची खुंटी ठोका, वाळू द्या, सपाट कापा आणि नव्याने बारीक भोक घ्या. शक्य झालं तर ती खुंटी अशी कापा की तिच्या रेषा फळीच्या रेषांच्या दिशेनेच राहतील. मग आटे तंतूंना आडवे धरतात आणि जोड मूळचाच असल्यासारखा होतो.

[दृश्य: गंजलेला नट. बाजूला तेलाची कुपी.]

अडकलेला नट. इथे घाई सगळ्यात महाग पडते. लोखंड गंजलं की ते मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतं, म्हणून आट्यांमधली फट ठासून भरते. आधी बाहेर आलेले आटे ब्रशने घासा. आत शिरणारं पातळ तेल सोडा आणि थांबा. रात्रभर थांबता आलं तर उत्तम. मग नटाच्या बाजूला हातोडीने हलकेच ठोका. धक्क्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. उलटं फिरवण्याआधी किंचित आवळायच्या दिशेने रेटून बघा. एकदा का चिटकण तुटली, की पुढे सोपं जातं. फिरायला लागला तरी एकदम काढू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा तेल, पुन्हा सोडा.

तेवढ्यानेही भागलं नाही तर उष्णता. नट तापवायचा, बोल्ट नाही, म्हणजे नट फुगून सैल होतो. आधी तेल पूर्ण पुसून घ्या, नाहीतर ते पेट घेईल. जस्ताचा मुलामा असेल तर तापवूच नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि जोर लावण्याआधी एक खात्री करा, की आटे डावे तर नाहीत. सायकलचं डावं पेडल, बाकावरच्या ग्राइंडरचं डावं चाक, बऱ्याच टेबल फॅनच्या पात्यांवरची टोपी ही सगळी उलट दिशेने सुटतात. सुटत नाही म्हणून जोर वाढवणारा माणूस खरं तर ते आवळत असतो.

बोल्ट आत तुटला, तर मध्यभागी सेंटर पंचने खूण करूनच ड्रिल लावा. हळू फिरवा, तेल घाला. डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे मात्र ड्रिल चालू असताना काढून ठेवा, कारण फिरता बिट कापड ओढून घेतो आणि कापडाबरोबर बोटंही.

[दृश्य: नवा बोल्ट जुन्या भोकात.]

नवा बोल्ट लावताना तो भलत्या मापाचा नाही हे बघा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली ब्रिटनमध्ये 55 अंशांचे (म्हणजे आट्याच्या दोन उतारांमधला कोन तेवढा) आटे ठरवून दिले, विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये अमेरिकेत 60 अंशांचे. आज जगात बहुतेक ठिकाणी मेट्रिक माप चालतं, पण जुन्या यंत्रांत इंची माप भेटतंच. एम 8 चा बोल्ट पाच सोळांश इंचाच्या नटात एक-दोन फेरे जातोही, आणि मग अडतो. पाना लावला की दोन्हींचे आटे गेले. पहिले काही फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. सुरुवात करताना बोल्ट आधी उलटा फिरवा. आट्याचं टोक आट्याच्या सुरुवातीशी आलं की तो किंचित खाली बसतो, बोटांना कळतं. तिथून सुलटा फिरवा. प्लॅस्टिकमधला किंवा ढिला न झालेला लाकडातला स्क्रू परत घालतानाही हेच करा, म्हणजे जुनेच आटे पुन्हा धरले जातात आणि नवे कापले जात नाहीत.

बोल्टने जोडलेलं लाकूड सुकून आकसतं आणि ताण उतरतो, म्हणून महिन्याभराने एकदा पाना लावून बघा. धातूच्या जोडावर नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली, की नट हलला आहे.