दुसऱ्या फळीतला माणूस

(पिट्सबर्ग परिसरातल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी,

4 डिसेंबर 2017, सोमवारची रात्र. आमच्या तळघरात आठ-दहा जण टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकन फुटबॉलचा सामना, आपल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा, सिनसिनाटीत होता, बेंगल्सविरुद्ध. पहिलाच क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांतला पहिला, चालू होता. आपला 50 नंबर, रायन शेझिअर, डोकं खाली घालून समोरच्या रिसीव्हरवर, म्हणजे पास झेलणाऱ्यावर, गेला. धडक काही फार मोठी दिसली नाही. तो पडला, पाठीवर वळला आणि त्याचा हात कमरेकडे गेला. पाय हलत नव्हते. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राच्या हातातलं भजं हातातच राहिलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. नंतर स्टीलर्सनी 17-0 अशी पिछाडी भरून काढून तो सामना 23-20 असा जिंकला, पण त्या रात्री आमच्या घरातून निघताना कोणी जिंकल्यासारखं निघालं नाही.

दोन दिवसांनी त्याच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा चालेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि गावात वाद सुरू झाला होता: आता बचावाच्या मधल्या फळीत, त्याच्या जागी, आत खेळणार कोण? मला तेव्हा त्या वादाची चीड आली होती. अजूनही थोडी येते. पण या गावात इतकी वर्षं राहिल्यावर मला असं वाटतं की तो वाद निर्दयपणाचा नव्हता. एका माणसाच्या जाण्याने किती गोष्टी कोसळतात हे लोकांना त्या आठवड्यात दिसलं होतं, आणि ते ज्या भाषेत बोलू शकत होते त्या भाषेत बोलत होते. आज मी त्याच वादाबद्दल बोलणार आहे.

इथे बसलेल्या मुलांना हे पाठ आहे, पण त्यांच्या आजी-आजोबांसाठी थोडं सांगतो. बचावाचे अकरा जण. सगळ्यात पुढे, अगदी जमिनीलगत, दांडगे लाइनमन. सगळ्यात मागे पास अडवणारे चपळ लोक. या दोघांच्या मधे लाइनबॅकर. स्टीलर्स कित्येक वर्षं 3-4 खेळतात, म्हणजे पुढे तीन, त्यांच्या मागे चार. या चारांतले बाहेरचे दोघे क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्यावर, तुटून पडतात. टी. जे. वॅट तो बाहेरचा. आज मी बोलतोय ते आतल्या दोघांबद्दल. कबड्डीत कोपरारक्षक सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण साखळी धरून उभे असलेले मधले दोघे एक पाऊल चुकले की चढाईवाला त्यांच्या मधून निघून जातो. तसंच हे.

आतला लाइनबॅकर काय करतो ते जवळून बघा. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे जाऊन खेळी सुरू होते, तेव्हा त्याची नजर चेंडूवर नसते. ती समोरच्या गार्डवर, म्हणजे त्यांच्या पुढच्या रांगेतल्या दांडग्यावर, असते. गार्डचं हेल्मेट खाली आलं, तो पुढे रेटायला लागला, तर धाव, म्हणजे चेंडू घेऊन पळणार. हेल्मेट वर उठलं, तो मागे सरकला, तर पास, म्हणजे चेंडू फेकणार. पापणी लवायच्या आत हे ठरवायचं आणि पाय टाकायचा. समोरच्या संघालाही हे माहीत असतं. म्हणून ते मुद्दाम गार्डला खाली झुकवतात, क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेऊन परत काढून घेतो, आपला लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून बरोबर त्याने सोडलेल्या जागेत जातो. टीव्हीवर आपल्याला दिसतो सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे पास अडवणारा, उशिरा पोचलेला. शिव्या त्याला बसतात. चूक आधीच झालेली असते, दोन पावलांची.

आणखी एक काम आहे, ते टीव्हीवर दिसतच नाही. काही खेळाडूंच्या हेल्मेटच्या मागे एक हिरवा ठिपका असतो. 2008पासून बचावातल्या एका खेळाडूच्या कानात प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी आहे, आणि तो खेळाडू बहुतेक संघांत आतला लाइनबॅकर असतो. घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. त्यानंतर तो एकटा. ऐकलेलं दहा जणांना सांगायचं, समोरच्यांनी जागा बदलल्या तर आपल्या लोकांच्या बदलायच्या, आणि हे सगळं सत्तर हजार लोकांच्या आरड्याओरड्यात.

आता वाद. आपल्याकडे दोन तट आहेत. मी दोन्ही तटांत राहिलोय, त्यामुळे दोघांचं म्हणणं मला मनापासून कळतं. एक तट म्हणतो, माणूस आणा. जॅक लॅम्बर्ट, जॅक हॅम या जुन्या नामवंत लाइनबॅकरांच्या गावात मधे खिंडार असावं हे त्यांना सहनच होत नाही. दुसरा तट म्हणतो, पद्धत बदला. आताचे संघ पास जास्त टाकतात, मग दोन लाइनबॅकरऐवजी एक ठेवा, सहावा पास अडवणारा आणा, जुन्या गोष्टी धरून बसू नका.

शेझिअरच्या नंतर संघाने दोन्ही करून पाहिलं. त्याच डिसेंबरमध्ये आपल्याच जुन्या लाइनबॅकरला, शॉन स्पेन्सला, परत बोलावलं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. 2012च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या फेरीत निवडलेला, पहिल्याच ऑगस्टमध्ये गुडघा असा गेला की दोन मोसम वाया, तरी परत उभा राहिलेला. पण कोणत्याही संघात नसलेला माणूस डिसेंबरात आणून त्याला शेझिअरच्या जागी उभं करायचं, हा त्याच्यावरच अन्याय होता. 14 जानेवारी 2018ला जॅक्सनव्हिलच्या संघाने इथे येऊन आपल्याला 45-42 असं हरवलं. त्यांच्या लेनर्ड फोर्नेटने धावून तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू आपल्या गोल लाइनपलीकडे नेला. 42 गुण करून घरच्या मैदानावर प्लेऑफ हरायचा!

मग 2018मध्ये पद्धत बदलायची पाळी आली. एका माणसाची जागा दोघांत वाटली: धाव अडवायला जॉन बॉस्टिक, आणि पास असेल तेव्हा मॉर्गन बर्नेट, जो मुळात सेफ्टी. कागदावर छान दिसतं. पण समोरचा क्वार्टरबॅक आंधळा नसतो. मैदानात कोण आला हे बघूनच तो ठरवतो. बॉस्टिक असेल तर पास, बर्नेट असेल तर धाव. शेझिअर दोन्ही करायचा, म्हणून त्याच्याकडे बघून समोरच्याला काहीच कळायचं नाही. बर्नेटलाही ती जागा मानवली नाही आणि तो एकाच मोसमानंतर गेला. आपण 9-6-1, म्हणजे नऊ विजय, सहा पराभव, एक बरोबरी, होऊन प्लेऑफच्या बाहेर राहिलो.

इथेच मला माझं म्हणणं सापडलं. दुसरी फळी, म्हणजे ही लाइनबॅकरांची, किती खोल आहे हे नावं मोजून कळत नाही. संघात 53 जण असतात, त्यांतले जास्तीत जास्त 48 सामन्याला उतरू शकतात, आणि यादीत आतले लाइनबॅकर चार-पाच दिसतातच. प्रश्न एवढाच विचारा: आतल्या दोघांपैकी एक गेला आणि तिसरा माणूस आत आला की प्रशिक्षकाच्या हातातल्या कागदावरच्या किती चाली खोडाव्या लागतात? मधून ब्लिट्झ सोडता येतो का, म्हणजे लाइनबॅकरला थेट क्वार्टरबॅकवर धाडता येतं का? पास झेलणाऱ्या दांडग्या टाइट एंडबरोबर लाइनबॅकरला एकटं सोडता येतं का? जितक्या चाली खोडल्या, तितकी तुमची फळी उथळ. म्हणून ‘माणूस की पद्धत’ हे भांडण मला आता दोन बाजूंचं वाटत नाही. पद्धत म्हणजे त्या दिवशी मैदानात असलेल्या माणसांना जे जमतं ते.

2020 आठवा. आदल्या वर्षी आपण डेन्व्हरच्या संघाशी सौदा करून ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर गेलो आणि लाइनबॅकर डेव्हिन बुश घेतला. दुसऱ्या फेरीची निवड गेली, पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची गेली. त्या सौद्याबद्दल लोक आजही तावातावाने बोलतात. माझं मत सांगतो: सौदा चुकीचा नव्हता. शेझिअरसारखा वेगवान माणूस हवा होता आणि बुश पहिल्या मोसमात दिसलाही तसा. 18 ऑक्टोबर 2020ला क्लीव्हलंडच्या ब्राउन्सविरुद्ध त्याचा गुडघा फाटला.

त्याच्या जागी कोण आला? रॉबर्ट स्पिलेन. ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला, वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचा मुलगा. त्याचे आजोबा जॉनी लॅटनर, 1953चे हाइझमन विजेते, म्हणजे त्या वर्षीचे कॉलेजमधले सर्वोत्तम खेळाडू, एक मोसम याच स्टीलर्सकडून खेळलेले. पण आजोबांच्या नावावर कुणी जागा देत नाही. पुढच्याच आठवड्यात टेनेसीचा संघ, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा डेरिक हेन्री. अंगाने सव्वासहा फूट, वजन 112 किलो. गोल लाइनच्या तोंडाशी हेन्री मधून घुसला आणि स्पिलेन न थबकता समोरून त्याच्यावर गेला. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. हेन्री जागेवर थांबला. इतक्या वर्षांत हेन्रीला असं उभ्याउभ्या थांबलेलं मी क्वचित पाहिलंय. पुढचा सामना बॉल्टिमोरमध्ये. सुरुवातीलाच स्पिलेनने त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याचा पास मधल्यामधे उचलला आणि तो टचडाउनपर्यंत पळत गेला. आम्ही तळघरात उड्या मारत होतो.

त्या वेळी दुसरा तट म्हणाला, बघा, पद्धत चांगली असेल तर कोणीही चालतो. मला ते पटलं नाही. स्पिलेन ‘कोणीही’ नव्हता. तो आदल्या वर्षापासून इथे होता, सराव संघात घाम गाळलेला, हाका पाठ असलेला. संघालाही पुढची काळजी होतीच, म्हणून नोव्हेंबरात न्यूयॉर्क जेट्सकडून लाइनबॅकर एव्हरी विल्यमसन आणला. मग 2 डिसेंबरला बाहेरचा बड डुप्री गुडघ्याने गेला, आणि पाच दिवसांनी वॉशिंग्टनविरुद्ध स्पिलेनही जखमी झाला. 11-0 वरून आपण 12-4 वर आलो आणि जानेवारीत ब्राउन्सनी घरच्या मैदानावर 48-37 असं हरवलं. या पराभवाचं खापर लाइनबॅकरवर फोडणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. पहिलाच स्नॅप क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे गेला आणि समोरच्यांनी तो आपल्या गोल लाइनमागे धरून टचडाउन केला. पहिल्या क्वार्टरअखेर 28-0. तिथे लॅम्बर्ट असता तरी काय केलं असतं?

2023 मात्र खरोखर लाइनबॅकरचं वर्ष होतं, आणि मला ते सगळ्यात जास्त लागलं. आतली सगळी फळी नवी होती: कोल होल्कम, एलँडन रॉबर्ट्स आणि जुलैअखेर आलेला क्वॉन अलेक्झांडर. यादी बघून आपण सगळे खूश होतो. 2 नोव्हेंबरला होल्कमचा गुडघा गेला. 12 नोव्हेंबरला अलेक्झांडरची टाचेची शीर तुटली. दहा दिवसांत दोन. मग सराव संघातला मायकल वॉकर वर आला, आणि निवृत्त झालेल्या माइल्स जॅकला घरून बोलावलं. रॉबर्ट्स जिवाच्या आकांताने खेळला. त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर मी ऐकून घेत नाही. पण 15 जानेवारी 2024ला बफेलोच्या बर्फात जॉश अ‍ॅलन, क्वार्टरबॅक, स्वतः चेंडू घेऊन मधून निघाला आणि 52 यार्ड पळत टचडाउनपर्यंत गेला. सामना 31-17 असा गेला. ती धाव पुन्हा बघा. चेंडू सोडून मधलं मैदान बघा. सगळा मोसम तिथे दिसतो.

त्यानंतर संघाने जे केलं ते मला मनापासून आवडलं. मार्च 2024मध्ये बॉल्टिमोरचा पॅट्रिक क्वीन आणला, तीन वर्षांसाठी 4 कोटी 10 लाख डॉलर. लगेच वाद: शेजारी रोक्वान स्मिथसारखा लाइनबॅकर होता म्हणून क्वीन चांगला दिसत होता, एकटा काय करेल? शंका रास्त होती. पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती एप्रिलमधली निवड. तिसऱ्या फेरीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा पेटन विल्सन. कॉलेजमधला सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून बटकस पुरस्कार मिळालेला, 40 यार्ड 4.43 सेकंदांत पळणारा, आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यांमुळे इतर संघांनी मागे ठेवलेला. क्वीन, रॉबर्ट्स आणि हा तिसरा. त्याला आल्या दिवसापासून सगळं दिलं नाही. पासच्या वेळी थोडंथोडं आत पाठवलं. शिकू दिलं.

17 नोव्हेंबर 2024, बॉल्टिमोर इथे आलं होतं. आपल्याला एकही टचडाउन जमला नाही, सहा फील्ड गोलवर, म्हणजे लाथेने मारलेल्या तीन-तीन गुणांच्या गोलांवर, 18 गुण. क्वीनने आपल्या जुन्या संघाच्या आयझाया लाइक्लीच्या हातातून चेंडू सोडवून घेतला. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पास त्यांच्या जस्टिस हिलच्या हातात पडत असताना विल्सन त्याच्या पाठोपाठ पळाला, दोघे चेंडूसह खाली गेले आणि उठताना चेंडू विल्सनकडे होता. लाइनबॅकरने धावणाऱ्या चपळ माणसाला एकट्याने इतकं दूर सांभाळायचं, ही शेझिअरनंतर कागदावर खोडलेली चाल होती. तिसऱ्या माणसाने ती परत आणली. आपण जिंकलो, 18-16.

मघाशी एका मुलाने विचारलं, काका, तुम्ही ऑगस्टमधले सराव सामने शेवटपर्यंत का बघता? तिकडे चौथ्या क्वार्टरला निम्मं स्टेडियम गाड्या काढायला निघालेलं असतं. मैदानात ऐंशी-नव्वद मुलांपैकी अशी मुलं असतात की ज्यांचं नाव उद्घोषकही चुकीचं घेतो, आणि महिनाअखेरीस त्यांतली बहुतेक घरी जाणार असतात. मी दुर्बीण घेऊन बसतो आणि आतल्या दोघांवर लावतो. गार्डचं हेल्मेट खाली जातं तेव्हा त्यांचं पहिलं पाऊल कुठे पडतं, ते बघतो.