ॲप खुशाल मारा, पण माझा फॉर्म विसरू नका

लांबलचक फॉर्म भरताय. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं टाइप करून झालं. शेवटी फोटो मागितला, म्हणून कॅमेऱ्यावर टॅप केलं, फोटो काढला, ओके दाबलं. आणि फॉर्म कोरा! पहिले पाढे पंचावन्न.

माझं हे एका दिवसात तीनदा झालं. ॲपचं नाव सांगत नाही, कारण चूक एकट्या त्याचीच की फोनचीही, तेच आज बघायचंय.

कॅमेरा मेमरीच्या बाबतीत भलताच खादाड. तो उघडला की फोनला एकदम भरपूर रॅम, म्हणजे चालू ॲप्सची कामाची मेमरी, लागते. नसेल तर जागा करायला कुठलं तरी ॲप बंद करावं लागतं, म्हणजे 'मारावं' लागतं, आणि त्या घडीला तुमचं फॉर्मवालं ॲप स्क्रीनवर नसतं.

कॉम्प्युटरवर असं का होत नाही? तिथे रॅम भरली की लगेच न लागणारा डेटा डिस्कवर जाऊन बसतो. त्याला स्वॅप म्हणतात. फोनवाल्यांनी हे टाळलं, कारण फोनचं स्टोरेज सतत लिहून लिहून झिजतं. ॲपलने आयपॅडवर स्वॅप आणला तो थेट २०२२ मध्ये, तोही एम१ चिपसारख्या तगड्या मॉडेल्सना. अँड्रॉइडने वेगळी वाट काढली, झेडरॅम. रॅमचाच एक कोपरा राखायचा आणि डेटा दाबून, चेपून तिथे ठेवायचा. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये ५१२ एमबी रॅमच्या फोनसाठी यावर भर दिला गेला. फुकट काहीच नाही म्हणा, चेपायला आणि उलगडायला प्रोसेसर राबतो.

कोपराही भरला, की मग कुऱ्हाड. कुणावर? अँड्रॉइड प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या ॲपला, एक आकडा देतं. स्क्रीनवर जे आहे त्याला ०. मागे गाणं वाजवतंय त्याला २००. होम स्क्रीनला ६००. आत्ताच सोडून आलात त्या ॲपला ७००. नुसती पडून असलेली ॲप्स ९०० च्या पुढे. आकडा जितका मोठा, तितका नंबर आधी. म्हणजे तुम्ही मागच्या ॲपकडे परत याल हा अंदाज सिस्टमला आहे. पण माझं म्हणणं असं, की सहज सोडलेलं ॲप आणि कॅमेऱ्याकडून फोटो येण्याची वाट बघत बसलेलं ॲप, या दोघांना एका मापाने मोजू नये. दुसऱ्याचं काम अर्ध्यावर आहे. कॅमेरा बंद होईपर्यंत त्याला हात लावायचा तो अगदी नाइलाज झाला तरच.

आता कुऱ्हाड कधी उचलायची? मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पूर्वी हिशोब असा, की रिकामी रॅम किती उरली ते बघायचं आणि अमुकच्या खाली गेली की मारायला सुरुवात. पण रॅम रिकामी ठेवण्यासाठी घेतलेली नसतेच! भरलेल्या रॅममधलाही बराच भाग फाइल्सच्या प्रतींचा असतो, तो टाकून दिला तरी बिघडत नाही, स्टोरेजवरून पुन्हा वाचता येतो. त्यामुळे उरलेल्या रॅमचा आकडा फसवा. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभं आहे, त्याच्या २०१८ च्या ४.२० आवृत्तीत एक नवं मोजमाप आलं, ते विचारतं, मेमरी मिळत नाही म्हणून कामं किती वेळ खोळंबली? अँड्रॉइड १० पासून हे वापरता येतं. रॅम भरलीय पण कुणी अडलेलं नाही, तर गप्प बसा. कामं अडायला लागली, की हला.

जाता जाता, रिसेंटमधून, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या ॲप्सच्या यादीतून, सगळी ॲप्स झटकून रॅम मोकळी करणाऱ्यांना नमस्कार. पडून असलेलं ॲप सहसा बॅटरी खात नाही. तेच पुन्हा शून्यातून उघडताना मात्र प्रोसेसरला घाम फुटतो.

तर मारणं चूक नाही. मारल्याचं तुम्हाला कळणं ही चूक. ॲप स्क्रीनवरून हटताना अँड्रॉइड त्याला विचारतं, काही जपून ठेवायचंय का? ॲपने दिलेली ती छोटी पुरचुंडी सिस्टम स्वतःकडे ठेवते, प्रोसेस मेली तरी. पुरचुंडीत टाइप केलेला मजकूर आरामात मावतो, मोठे फोटो नाही. आयफोनवरही इशारा मिळतो, मेमरी कमी आहे, पसारा आवरा. नाही आवरलात तर तोही मारतो. पण पुरचुंडी बांधायची ॲप बनवणाऱ्याने, आणि त्याच्या हातातल्या महागड्या फोनवर ॲप कधी मरतच नाही. मग त्याला कळणार कसं?

त्यासाठी हे बघा. सेटिंग्जमधले डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा भाग, खाली खाली, 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज'. चालू केलं. यात प्रोसेस मरत नाही, सोडलेली स्क्रीन तेवढी मोडली जाते, म्हणून परीक्षा अर्धीच. तरी बघू. तोच फॉर्म उघडतो. नाव टाकलं, पत्ता टाकला. कॅमेरा. फोटो. ओके.

कोरा. अर्ध्या परीक्षेतही नापास.

तुमच्या ॲप्सवर करून बघा, कुठलं पास झालं ते खाली लिहा. आणि नंतर सेटिंग आठवणीने बंद करा, नाहीतर फोन बिघडला म्हणून मलाच विचाराल.