आईचं नाव कुठे लिहिलेलं असतं?

इजिप्तमध्ये वंशावळ शोधताना आईचं, आजीचं नाव कुठे सापडतं, हे आज सांगायचं आहे. सुरुवात एका नावापासून करतो. नगीब महफूझ. १९८८ साली साहित्याचं नोबेल मिळालेले कैरोचे कादंबरीकार. मला सांगा, यांचं आडनाव काय? आत्ता मागून कुणीतरी "महफूझ" म्हणालं. आता हे 'महफूझ घराणं' शोधायला तुम्ही कैरोला गेलात, तर तुमचा जन्म जाईल आणि एकही महफूझ यांचा काका निघणार नाही. कारण वडिलांचं नाव होतं अब्देल अझीझ इब्राहीम. झालं असं, की १९११च्या डिसेंबरात कैरोच्या गमालिया मोहल्ल्यात एक बाळंतपण अडलं. नगीब महफूझ नावाच्या कॉप्टिक ख्रिश्चन डॉक्टरांनी बाळ-बाळंतीण सुखरूप सोडवली, आणि मुसलमान बापाने डॉक्टरांचं अख्खं जोडनाव मुलाला ठेवलं. तेव्हा 'महफूझ' हे आडनावही नाही आणि बापाचं नावही नाही. ती एका बाळंतपणाची आठवण आहे.

दुसरं उदाहरण त्याहून प्रसिद्ध. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, त्यांना आपण सगळे 'नासर' म्हणतो. गमाल हे त्यांचं स्वतःचं नाव, अब्देल नासर हे वडिलांचं, हुसेन हे आजोबांचं. अब्देल नासर म्हणजे साहाय्य करणाऱ्या ईश्वराचा दास. त्यातला दास गाळून नुसतं 'नासर' म्हणायचं, म्हणजे रामदासरावांच्या मुलाला साऱ्या जगाने 'राम' म्हणत राहावं, तसं झालं. पण वर्तमानपत्रांनी ते केलं आणि आता इलाज नाही.

इजिप्तमध्ये माणसाचं पूर्ण नाव म्हणजे साखळी: स्वतः, बाप, आजा, पणजा. ओळखपत्रावर चार नावं असतात, त्याला 'इस्म रुबाई' म्हणतात, चौपदरी नाव. काही घराण्यांना आडनावं आहेत आणि ती आपल्याला लगेच कळतात. मन्सूरी, तंतावी, दिम्याती हे त्यांचे पुणेकर-सातारकर. नज्जार म्हणजे सुतार, हद्दाद म्हणजे लोहार. मग्रिबी आणि शामी म्हणजे पूर्वज कुठून आले त्याची पाटी. पण असंख्य कुटुंबांना नुसती साखळीच असते, आणि पिढी पुढे सरकली की मागचं एक कडं गळतं. नातवाच्या ओळखपत्रावर तुमचा पणजा नसतो. तीन-चार पिढ्यांत सख्ख्या भावांच्या वंशजांना एकमेकांची नावं जुळत नाहीत.

एक नाव मला फार आवडतं. शहाता. म्हणजे भिक्षा मागणारा. आधीची मुलं जगली नाहीत की जन्मलेल्या पोराला हे नाव ठेवायचं, म्हणजे नजर लागणार नाही. भिकाऱ्याच्या पोराचा कोण हेवा करणार? आपल्या भिकाजीची कथा याहून वेगळी नाही. वंशावळ शोधणाऱ्याला हे नाव फार काही सांगतं. एखादा शहाता सापडला, की त्याच्या आधी या घरात मुलं गेली असतील असं समजून मृत्यूच्या नोंदवह्या उघडाव्यात.

आता मुद्द्याकडे येतो. इजिप्तमध्ये बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. जन्मली तेव्हा बापाची साखळी तिच्यामागे होती, मरेपर्यंत तीच राहते. म्हणजे आपल्यापेक्षा तिथे आजीचं माहेर शोधणं सोपं असायला हवं, नाही का? प्रत्यक्षात उलट आहे. कागदावर नाव शाबूत असतं, पण ते उच्चारायचं नसतं. जुन्या वळणाचा पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाही, बायकोला 'गमाआ' म्हणजे 'मंडळी' म्हणतो. हसू नका, आपल्याकडेही 'आमची मंडळी' म्हणायचेच. बाई मोठ्या मुलाच्या नावाने ओळखली जाते, उम्म अहमद, उम्म गिर्गिस. 'उम्म' म्हणजे आई. नातवंडांना विचारा, आजीचं नाव काय? "उम्म हसन." अहो, ते तुझ्या काकाचं नाव झालं!

याच भूमीत हे नेहमी असं नव्हतं. रोमन अमदानीत इजिप्तमध्ये दर चौदा वर्षांनी घरोघर शिरगणती व्हायची. तिचे पपायरसवरचे कागद वाळूत टिकले, आणि त्यांत माणसाची ओळख 'अमक्याचा मुलगा, आई अमकी' अशी दिलेली असते. लोकरीतीत तो धागा अजून आहे. ताईत लिहून देणारा तुम्हाला बापाचं नाव विचारत नाही, आईचं विचारतो. दफनानंतर मयताला उद्देशून जे शेवटचं सांगणं असतं, त्या 'तल्कीन'मध्येही परंपरेने आईच्या नावाने हाक मारतात. करणी करणाऱ्यालाही आईचंच नाव लागतं, म्हणून तर पोरं शाळेत ते लपवतात.

मग ते सापडतं कुठे? माझा अनुभव असा, की जन्म, लग्न, मरण यांच्या भोवतीच सापडतं. सरळ वंशावळीत क्वचित.

जन्माचं घेऊ. सातव्या दिवशी 'सुबू'. मुसलमान असो वा कॉप्ट, दोघांकडे. बाळाला धान्य चाळायच्या चाळणीत ठेवून हलकेच हलवतात. शेजारी पितळी खलबत्ता जोरजोरात वाजवायचा, बाळाच्या कानाशी. त्याला तिकडे 'होन' म्हणतात. आपल्या हावनदस्त्यातला हावन तो हाच, शब्द दोघांनी फारसीतून घेतला. वाजवणारी आजी बाळाला बजावते, आईचं ऐक, बापाचं ऐक. आणि कुणाचं ऐकू नको हे त्या त्या घराच्या राजकारणावर ठरतं. बाळंतीण बाळावरून सात वेळा ओलांडते. सात प्रकारची धान्यं आणि मीठ घरभर उधळतात. मुलगी असेल तर मातीची सुरई सजवतात, मुलगा असेल तर तोटीचा 'इब्रीक'. पाहुण्यांना मुगात मिळतं: एका मुळाची पूड, तूप, साखर आणि सुकामेवा घालून केलेलं गरम पेय, आपल्या डिंकाच्या लाडवाचं पातळ भावंड म्हणा. आणि काही घरांत नाव असं ठरायचं: तीन-चार मेणबत्त्या पेटवायच्या, प्रत्येकीला एक नाव द्यायचं, जी शेवटपर्यंत जळेल ते नाव बाळाचं.

हे मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण संशोधकाला यातून प्रश्न मिळतात. म्हाताऱ्या आत्याला "तुमच्या आजीचं नाव काय" विचारलंत तर ती गप्प बसेल. "तुमच्या सुबूला खलबत्ता कुणी वाजवला?" विचारा. मग ती सांगते, आमची नानी सकीना, माहेर तंताचं. मेणबत्ती हरलेली नावंही सांगते, आणि त्यांत बहुतेक कुणातरी पूर्वजाचं नाव असतं. कॉप्ट कुटुंबांत बाप्तिस्म्याचा दिवस विचारा: परंपरेने मुलगा चाळीस दिवसांचा झाल्यावर, मुलगी ऐंशी दिवसांची. चर्चच्या वहीतल्या तारखेवरून मागे मोजलं की जन्म साधारण कुठे पडतो ते कळतं.

तारखांबद्दल मात्र सावध राहा. आजचा कायदा १९९४चा, त्यात जन्माची खबर पंधरा दिवसांत द्यायची. पूर्वी खेड्यांत कितीतरी मुलं नोंदलीच जात नसत. अशा माणसाला 'साकित कैद' म्हणतात, नोंदीतून गळलेला. त्याला पुढे कागद हवा झाला की डॉक्टर अंदाजाने वय लिहून देई, त्याला 'तस्नीन' म्हणतात. १९२३च्या कायद्याने लग्नाला मुलीचं वय सोळा, मुलाचं अठरा ठरलं. २००८मध्ये दोघांचं अठरा झालं. आता लग्न घाईचं असलं की अंदाज कुठल्या बाजूला झुकत असेल, हे मी सांगायला नको. उम्म कुल्थूमसारख्या गायिकेचं जन्मवर्षसुद्धा कुणी १८९८ सांगतं, कुणी १९०४.

लग्नाचे कागद सर्वांत श्रीमंत. शरिया न्यायालयांच्या वह्या कैरोच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत, उस्मानी काळापासूनच्या, म्हणजे सोळाव्या शतकापर्यंत मागे जाता येतं. ही न्यायालयं १९५६च्या सुरुवातीला बंद झाली, वह्या राहिल्या. मेहेर किती, त्यातला आत्ता द्यायचा किती, घटस्फोट वा मृत्यूनंतरचा किती, वारसांची वाटणी. सगळ्यांत बाई नावानिशी हजर, कारण पैसा तिचा आहे. आणि आजही मुलीकडचे लोक 'काइमा' करतात: फ्रिज, गाद्या, भांडी, सोनं, सगळ्यांची यादी. नवरा खाली सही करतो, की हे माझ्याकडे अमानत आहे. आईच्या ट्रंकेच्या तळाशी ही यादी सापडली तर तिच्याइतका पुरावा नाही. पुढे भांडण झालं तर नवरा तुरुंगातही जाऊ शकतो, म्हणून यादी जपून ठेवलेली असते.

शिरगणतीचं थोडक्यात सांगतो. १८४८ आणि १८६८च्या शिरगणत्यांत माणसागणिक नोंद आहे, बायका, मुलं, गुलाम धरून. आधुनिक पद्धतीची पहिली १८९७ची, तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे ९७ लाख होती.

मरणाकडे येऊ. 'अल-अहराम' हे १८७५ साली अलेक्झांड्रियात स्थापन झालेलं दैनिक. त्याचं मृत्युवार्तांचं पान म्हणजे छापील वंशावळ. मयताचे भाऊ, मेहुणे, व्याही, प्रत्येकाचा हुद्दा: कर्नल अमुक, इंजिनियर तमुक, सगळ्या गोतावळ्याची हजेरी. बाई मात्र इथे पुन्हा नाहीशी. 'हरम' अमुक म्हणजे अमुकची पत्नी, 'करीमा' तमुक म्हणजे तमुकची कन्या. बाई स्वतः गेली तरी जुन्या अंकांत तिचं नाव नसण्याचीच सवय. तरी हे पान वाचा, कारण तिचे भाऊ तिथे नावानिशी असतात, आणि भावांवरून बहीण काढता येते. मातम तीन दिवसांचा, कॉफी बिनसाखरेची, चाळिसाव्या दिवशी पुन्हा जमायचं. चाळिसाव्याच्या जाहिरातीत पहिल्या दिवशी राहून गेलेले नातलग येतात. पहिलं पान पाहून थांबू नका.

कैरोची कराफा म्हणजे दफनभूमीच, पण खोल्या-अंगणांची. ईदला कुटुंबं तिथे जातात, गरिबांना खायला वाटतात. पुरुषांचं आणि बायकांचं तळघर वेगळं असतं. २०२० नंतर रस्त्यांसाठी तिचे काही भाग पाडले गेले, तेव्हा काही संगमरवरी पाट्या फोटोतच उरल्या आहेत. दक्षिणेकडच्या नूबियातलं तर सगळं मैदानच पाण्याखाली गेलं. अस्वानच्या मोठ्या धरणासाठी १९६३-६४मध्ये लोकांना कोम ओम्बोकडे हलवलं, दफनभूम्या मागे बुडाल्या.

"आपला याच्याशी काय संबंध?" असा प्रश्न हमखास येतो, म्हणून किनाऱ्याकडची एक गोष्ट सांगतो. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये ज्यू लोकांनी टाकाऊ कागद शतकानुशतकं एका कोठीत साठवले. त्यांत लग्नाचे करार आहेत, घटस्फोटपत्रं आहेत, नवरीच्या सामानाच्या याद्या आहेत. त्यांतून अब्राहम बेन यिजू हा व्यापारी हाताला लागला. तो ११३२ पासून मंगळूरला राहिला. तिथे त्याने आशू नावाच्या नायर दासीला मुक्त केलं, त्याचा कागद सापडला. म्हणून आपल्याला आशू हे नाव माहीत आहे. तिचा भाऊ त्याच्या हिशेबांत मेहुणा म्हणून येतो. आशूपासून झालेल्या मुलीला घेऊन तो पुढे इजिप्तला आला, आणि ११५६ साली फुस्तातमध्ये तिचं लग्न चुलतभावाशी झालं. मुलीचं नाव सित्त अल-दार. म्हणजे घराची मालकीण.