आधी जाळे, मग कोळी

(अलिबागजवळच्या एका वाचनालयात दिवाळीच्या आधी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, खाडीत जाळे लावणारा आणि घराच्या आढ्याला जाळे विणणारा, या दोघांनाही आपली भाषा कोळीच म्हणते. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, मला त्यात एक सोय दिसते. बंदरावर उभे राहिले की माणसाचा चेहरा दिसण्याआधी त्याचे जाळे पाहूनच आपण हा पाग टाकणारा, हा डोलीचा असे सांगतो. आठ पायांच्या कोळ्यालाही तसेच, त्याच्या धंद्यावरून ओळखावे, असे मला आज सुचवायचे आहे. कारण रंगरूपावरून ओळखायला गेलात तर निराशा पदरी येईल. जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ साली पन्नास हजारांचा आकडा ओलांडला, आणि नेमकी जात ठरवायला अभ्यासकांनाही बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासावी लागते.

डोल कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. खुंटांना बांधून ती प्रवाहाच्या तोंडाशी धरायची आणि मासळी आणण्याचे काम भरती-ओहोटीवर सोपवायचे. वाडीतल्या दोन पोफळींच्या मधोमध उभे असलेले वर्तुळाकार जाळे हे हवेतल्या डोलीसारखेच आहे, कारण तेही कीटकांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर लावलेले असते. त्यातले आरे चिकट नसतात, चिकट असतो तो गोल गोल फिरत गेलेला धागा. मालकीण बहुधा मध्यभागी डोके खाली करून बसते. तिची नजर अधू असते, आणि कोण अडकले हे ती पायांखाली थरथरणाऱ्या धाग्यांवरून जाणते.

सध्या, पाऊस ओसरताना, वाडीत सर्वांत ठळक दिसते ती जायंट वुड स्पायडरची मादी. तिचे नुसते धडच तीन ते पाच सेंटिमीटर असते, पाय पसरले की ती तळहाताएवढी वाटते आणि जाळ्याचा व्यास मीटरभराहून जास्त भरू शकतो. सकाळचे तिरपे ऊन त्या जाळ्यावर पडले की धागा सोनेरी दिसतो. तो उन्हाचा भास नव्हे, रेशीमच पिवळे असते. आता त्याच जाळ्याच्या कडेला नीट पाहा. पाच-सहा मिलिमीटरचा एक तांबूस जीव तिथे अंग चोरून बसलेला असतो, तो तिचा नर. याशिवाय दवाच्या थेंबांसारखे चकाकणारे चिमुकले कोळी दिसले, तर ते तिच्या जाळ्यातली बारीकसारीक शिकार पळवणारे भुरटे चोर आहेत. एवढा संसार एका जाळ्यावर चालतो आणि आपण ते तोंडाला लागले म्हणून वैतागून काठीने तोडतो. मीही अनेक वर्षे तेच केले.

जाळ्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली दिसली की तो सिग्नेचर स्पायडर. आठ पाय दोन-दोन जोडून तो त्या फुलीवर असा बसतो की पाय चारच वाटावेत. ही फुली कीटकांना भुलवण्यासाठी आहे की जाळे पक्ष्यांच्या नजरेत यावे म्हणून, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

आता बिनजाळ्याच्या मंडळींकडे वळू. न्हाणीघराच्या भिंतीवर रात्री दिसणारा, चपटा, खेकड्यासारखे पाय आडवे टाकणारा मोठा तपकिरी कोळी म्हणजे हंट्समन. लिनिअसने १७६७ मध्ये त्याच्या नावात शिकारी हा अर्थ घातला तो योग्यच होता, कारण तो झुरळांवर जगतो. पोटाखाली पांढरी चकती धरून चालणारी दिसली तर ती मादी आहे आणि त्या चकतीत तिची अंडी आहेत. तिला पाहून किंचाळण्याची आपल्याकडे परंपराच आहे. पण तिला वाटेला लावले की झुरळांचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो.

खिडकीच्या चौकटीवर मान वळवून आपल्याकडे टक लावणारा लहानसा कोळी उडी मारणाऱ्यांच्या कुळातला. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवरून तो लगेच ओळखता येतो. ठाण्याच्या परिसरातल्या अशाच एका कोळ्याला २०२१ मध्ये इसियस तुकारामी हे नाव मिळाले, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कसाबला पकडून देताना गोळ्या झेललेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. याच कुळातला एक बहुरूपी आंब्यावर सापडतो. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांसारखाच तो दिसतो आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरतो, म्हणजे बघणाऱ्याला पाय सहाच मोजता यावेत. झाडावर मुंगी उलटून तुमच्याकडे पाहू लागली, किंवा धागा सोडून खाली लोंबली, तर ती मुंगी नव्हे.

एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. पावसाळ्यात अंगावर जळजळणारे फोड उठले की कोळी चिरडला असे आपण म्हणतो. बऱ्याचदा दोषी असतो तो दिव्याकडे येणारा एक लहान, काळा-केशरी, लांबट भुंगेरा. तो कातडीवर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या विषारी द्रवाने फोड येतात. असे फोड नागिणीचेही असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवावे. कोळ्यांना विष असते हे खरे, परंतु आज सांगितलेल्यांपैकी कोणीही माणसाच्या जिवावर उठणारा नाही.

शेवटची ओळख रात्रीच करून घेता येते. जेवणानंतर बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि अंगणाच्या किंवा कापलेल्या भातखाचराच्या गवतावर प्रकाश टाका. दवाचे थेंब पांढरे चमकतील. त्यांच्यामध्ये हिरवट, स्थिर ठिणग्या दिसतील, ते जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या वुल्फ स्पायडरचे डोळे. भातावरचे तुडतुडे हे त्यांचे खाद्य. एखादी ठिणगी जवळ जाऊन पाहिली आणि तिच्याभोवती आणखी बारीक ठिणग्यांचा घोळका दिसला, तर पाऊल जपून टाका, पिल्ले आईच्या पाठीवर बसलेली आहेत.