एक माउंट, दोन बॉडी

मंडळी, कपाटात आठ-दहा जुने फिल्म कॅमेरे आणि वर्षभरात जेमतेम चार रोल, अशी अवस्था ज्यांची असेल त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. संग्रह कमी कसा करायचा, आणि उरलेल्या एसएलआरवर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांवर) पुन्हा काम कसं सुरू करायचं. नागपूरच्या हवेत या दोन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. इथल्या मे महिन्यात आणि लगेच येणाऱ्या पावसाळ्यात न वापरलेला कॅमेरा झपाट्यानं बिघडतो. फोम विरघळतो, ग्रीस सुकतं, काचेवर बुरशी धरते. दहा कॅमेऱ्यांची ही निगा नोकरी करणाऱ्या माणसाकडून होत नाही. दोन कॅमेऱ्यांची होते.

निवड बॉडीवरून करू नका, लेन्सवरून करा. माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची बैठक; कोणत्या माउंटच्या चांगल्या लेन्स तुमच्याकडे जास्त आहेत ते पाहा, तो माउंट ठेवा. सगळे माउंट ॲडॉप्टरनं जोडता येतील ही आशा सोडा. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉनमध्ये 46.5 मिलिमीटर, कॅननच्या जुन्या एफडी माउंटमध्ये 42 मिलिमीटर. एफडी लेन्स निकॉनवर लावली तर ती फिल्मपासून गरजेपेक्षा लांब बसते आणि दूरचं काहीच फोकस होत नाही. मधे काच असलेला ॲडॉप्टर मिळतो, पण लेन्सचा दर्जा तिथेच जातो. पेंटॅक्सवाल्यांचं मात्र बरं आहे. जुन्या एम42 स्क्रू लेन्स आणि नंतरचा के माउंट यांचं अंतर एकच, 45.46 मिलिमीटर, त्यामुळे साध्या रिंगवर इन्फिनिटी, म्हणजे दूरचा फोकस, मिळते.

माउंट ठरला की दोन बॉडी ठेवा, आणि त्यातली एक पूर्ण यांत्रिक असू द्या. पेंटॅक्स के1000 किंवा निकॉन एफएम2 यांत बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागते, ती संपली तरी शटर सगळ्या वेगांना चालतं. के1000 हे 1976 ते 1997 इतका काळ बनत राहिलं, म्हणून दुरुस्तीसाठी लागणारी ‘मेलेली’ बॉडीही मिळते. कॅनन एई-1चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, 6 व्होल्टची बॅटरी नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही. मिनोल्टा एक्स-700मध्ये कपॅसिटर जातात आणि वरवर नवाकोरा दिसणारा कॅमेरा मुकाट पडून राहतो. हे कॅमेरे वाईट नाहीत, छान आहेत. पण दुरुस्त करणारा हात जवळ नसेल तर तुमची एकमेव बॉडी अशी असू नये.

आता तपासणी. एका सुट्टीच्या सकाळी सगळे कॅमेरे टेबलावर मांडा, बॅटऱ्या काढा. बॅटरीच्या खणात पांढरी-हिरवी पूड दिसली तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कोरडं करा. नंतर मागचं दार उघडून, लेन्स काढून, खिडकीकडे धरून शटर मारा. सगळ्यात जास्त वेगाला चौकट पूर्ण उजळलेली दिसली पाहिजे. एका कडेला काळी पट्टी दिसत असेल तर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय, आणि फोटोची ती बाजू काळीच येणार. कमी वेगांसाठी फोनचा स्लो मोशन वापरा. सेकंदाला 240 फ्रेमच्या व्हिडिओत 1/30ला शटर सुमारे 8 फ्रेम उघडं दिसायला हवं, 1/8ला 30. एक सेकंदाला शटर मधेच अडकून उघडं राहिलं तर मंद वेगांच्या गिअरमधलं वंगण सुकलंय. ते कारागिराचं काम आहे, घरी तेल सोडू नका. तेल पसरून पडद्यावर आणि पात्यांवर येतं.

लेन्समधून फोनचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धागे पुढच्या-मागच्या काचेच्या कडेला असतील तर वाचवता येते. मधल्या काचेवर पसरून कोटिंग खाल्लं असेल तर ती लेन्स सोडून द्या, आणि विकताना हा दोष घेणाऱ्याला स्वच्छ सांगा. ॲपर्चरची (लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांची) दांडी बोटानं दाबून सोडा, पाती टचकन बंद झाली पाहिजेत. आळसावलेली पाती म्हणजे तेल आलंय, आणि प्रत्येक फोटो ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा उजळ, जाणार.

एक चाचणी बहुतेक जण करत नाहीत, पण खरा निकाल तीच देते. फिल्मच्या रुळांवर बटर पेपरचा ताणलेला तुकडा चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलंय तोवर उघडं राहणारा वेग) उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि दूरच्या एखाद्या टॉवरवर रोखा. व्ह्यूफाइंडरमध्ये तो टॉवर धारदार असताना कागदावरही धारदार हवा. नसेल तर आरसा किंवा फोकसिंग स्क्रीन सरकलाय. अशा बॉडीवर तुम्ही कितीही काळजीनं फोकस केलंत तरी 50 मिलिमीटर एफ1.8चे फोटो मऊच येणार.

फोमबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथल्या उन्हाळ्यात पहिला बळी त्याचाच जातो. दाराच्या खाचेतला आणि आरशाच्या वरच्या कडेचा काळा फोम पॉलियुरेथेनचा असतो. वर्षांनी तो डांबरासारखा चिकट होतो. खाचेतून उजेड शिरतो, फिल्मवर केशरी किंवा पांढरे पट्टे येतात. आरशाचा फोम विरघळला की चिकट कण स्क्रीनवर उडतात. काढताना टूथपिक आणि थोडंसंच आयसोप्रोपिल वापरा, शटरच्या पडद्यावर कागद झाका, कॅमेरा उलटा धरा म्हणजे कचरा बाहेर पडेल. खाचेत काळी लोकरीची दोरीही चालते. बिजागिरीच्या बाजूला आणि आरशाला दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा फोम. जाड लावला तर दार बसत नाही, आणि आरसा पूर्ण वर जात नाही. ऑलिम्पस ओएम-1 असेल तर व्ह्यूफाइंडरच्या प्रिझमभोवतीचा फोमही पाहून घ्या, तो प्रिझमची चांदी खातो.

जुन्या मीटरचा आणखी एक घोळ. मिनोल्टा एसआरटी 101, ओएम-1 यांना पाऱ्याची 1.35 व्होल्टची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. 1.5 व्होल्टची घातली की मीटरला उजेड जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येतात. श्रवणयंत्राची 675 नंबरची झिंक-एअर बॅटरी 1.4 व्होल्टची असते, रबरी रिंग घालून ती बसते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज सर्किट (व्होल्टेज बदललं तरी मोजमाप न बदलणारी जोडणी) असल्यानं त्याला हा त्रास नाही.

ठेवणुकीत आपल्याकडे एक चूक सर्रास होते. मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून लेन्स उघड्या फळीवर ठेवल्या जातात, आणि त्याच खोलीत दिवसरात्र कूलर चालू असतो. कूलर ओलावाच फेकतो. खोलीत खसचा वास दरवळतोय म्हणजे लेन्सनाही तीच ओल मिळतेय. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत असू द्या. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तापवा, पण त्यात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. चामडी केस फेकून द्या, ती ओल धरते. शटर ताणून ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा सगळे वेग चालवा.

आता रस्त्यावर. पहिले पाच रोल एकच लेन्स, 50 मिलिमीटर, एकच फिल्म, 400 आयएसओची. रोल भरल्यावर रिवाइंडची चकती हलकेच फिरवून सैलपणा काढा. मग वाइंड करताना ती उलटी फिरते का बघा, नाही फिरली तर फिल्म पकडलीच नाही. सरळ उन्हात एफ16 आणि 1/500, इतकं पाठ असलं की मीटर खोटं बोलला तर लगेच कळतं. मीटरला सगळं करडं दिसतं. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट चौकटभर घेतलात तर मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). तान्ह्या पोळ्याच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) नागपुरात मिरवणुकीनं निघणारा मोठा पुतळा, काळी मारबत, चौकट भरून आली तर एक स्टॉप कमी करा, पिवळीला अर्धा ते एक जास्त. त्या गर्दीत हिशोब जमत नसेल तर त्याच उन्हात आपला तळहात मोजा आणि एक स्टॉप उघडा. मारबतीच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही. उन्हाळ्यात कॅमेरा गाडीत ठेवू नका. फ्रिजमधला रोल बाहेर काढल्यावर दीड-दोन तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरेल.

कृष्णधवल रोल घरीच धुवा. इलफर्डची एचपी5 प्लस फिल्म आयडी-11 डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी मिसळून, 20 अंशांना 13 मिनिटं. पण मे महिन्यात टाकीचं पाणी 35 च्या पुढे असतं. इथे माठ कामाला येतो. कोरड्या हवेत माठातलं पाणी 25 च्या आसपास उतरतं. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या टबमध्ये ठेवा, डेव्हलपरमध्ये टाकू नका. 20 गाठता येत नसेल तर 24 वर थांबा आणि वेळ नऊ मिनिटांच्या आसपास धरा. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डेव्हलपिंग सारखं होत नाही. पहिली 10 सेकंदं चारदा टाकी उलटी करा, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्यात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर इमल्शनला (फिल्मवरच्या थराला) सुरकुत्या पडतात.

धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. फिक्सरनंतर टाकी भरून पाच वेळा उलटी करा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तिन्ही मिळून लिटरभर पाणी लागतं, तेही त्याच माठातलं. मग फिल्म न्हाणीघरात टांगा, आधी तिथे गरम पाणी सोडून वाफ करून घ्या म्हणजे धूळ खाली बसेल. आणि ती सुकेपर्यंत शेजारच्या खोलीतला कूलर बंद ठेवा.