जास्त किलोमीटर, कमी तास

श्रोतेहो, नमस्कार.

दोन विमानतळांमधलं अंतर शोधायचं, त्याला ताशी 900 किलोमीटरने भागायचं, की निघाला प्रवासाचा वेळ. असा हिशेब पुष्कळजण करतात. तो क्वचितच जुळतो, आणि का जुळत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी अंतराचं बघू. ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल, तो सर्वांत जवळचा मार्ग. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात दोरा धरला, तर तो पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही. सरळ उत्तर ध्रुवाकडे चढतो. हे अंतर भरतं सुमारे 12,400 किलोमीटर.

एअर इंडियाचं विमान मात्र या दोऱ्यावरून जात नसे. ते अटलांटिक ओलांडून सुमारे 13,900 किलोमीटर उडायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून 15,300 किलोमीटरच्या आसपास गेलं, आणि तरीही विमान जवळपास दोन तास लवकर, साडेचौदा तासांत पोहोचलं!

ही करामत वाऱ्याची. विमानं ज्या उंचीवर उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात; त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणाऱ्याला ते पुढे ढकलतात, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते, त्यामुळे विमानाला त्याचा थेट फायदा होत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

कधी आड येतं ते राजकारण. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं, आणि हेलसिंकी ते टोकियो हा साधारण नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागीच होती.

आता तिकिटाकडे या. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, तिथली रांग, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून अंतर कळलं तरी वेळ वेळापत्रकातूनच घ्या.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका, कारण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. समजा, टोकियोहून रात्री आठला निघालात आणि सात तासांनी होनोलुलूला उतरलात, तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे आठ वाजलेले असतील. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदला: टोकियोतून नऊ तास वजा, होनोलुलूत दहा तास मिळवा. म्हणजे निघालात अकराला, पोहोचलात अठराला. तुमचे सात तास बरोबर मिळतील.